‘फर्ग्युसन तरी कुठे मोठा खेळाडू होता?’

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने घडवणाऱ्या विभागात आहेत. मुलगा अठरा वर्षांचा, बारावी सायन्स, ५८ टक्के. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून फॉरवर्ड खेळतो. दोनदा राज्याच्या निवड चाचणीला गेला आणि दोन्ही वेळा घरी परतला. आता म्हणतो, ‘खेळाडू नाही तर नाही, मी कोच होणार.’ रोज सकाळी गल्लीतल्या दहा-बारा पोरांना ग्राउंडवर घेऊन जातो, पैसे घेत नाही. भिंतीवर फर्ग्युसनचा फोटो लावलाय, आणि घरात विषय निघाला की एकच वाक्य ऐकवतो: ‘फर्ग्युसन तरी कुठे मोठा खेळाडू होता?’ वडिलांचे प्रश्न तीन. हे खरं आहे का? या धंद्याचं रीतसर शिक्षण असतं का? आणि यात पोट भरतं का? जाता जाता त्यांनी हेही विचारलंय, की हा फर्ग्युसन म्हणजे पुण्याच्या कॉलेजवाला का?

सप्रेम नमस्कार,

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तो सोपा आहे. कॉलेजवाले ते सर जेम्स फर्ग्युसन, १८८० ते ८५ या काळातले मुंबईचे गव्हर्नर. तुमच्या चिरंजीवांचे ते सर ॲलेक्स फर्ग्युसन, इंग्लंडातल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे कोच राहिलेले. दोघे स्कॉटिश आणि दोघे ‘सर’, साम्य एवढंच. पहिल्यांच्या घरी सरदारकी वंशपरंपरेने होती. दुसऱ्याचे वडील ग्लासगोच्या गोव्हन भागात जहाजबांधणीच्या कारखान्यात कामगार होते. त्यामुळे हा दुसरा तुम्हाला जास्त जवळचा वाटेल.

आता मुलाचं वाक्य. ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं बोलणारा मुलगा बापाला फार जड जातो, हे मी जाणतो. पण उरलेलं अर्धं त्याला तुम्ही सांगितलंत तर भांडणाचा सूर बदलेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲलेक्स फर्ग्युसनचा जन्म ३१ डिसेंबर १९४१चा. सोळाव्या वर्षी तो क्वीन्स पार्क या संघाकडून खेळू लागला. हा संघ हौशी खेळाडूंचा, म्हणजे खेळायचे पैसे शून्य. त्याच सुमारास तो टूलमेकरच्या, म्हणजे कारखान्याची अवजारं-साचे घडवायच्या कामावर उमेदवार म्हणून लागला होता. ग्लासगोजवळ हिलिंग्टनच्या औद्योगिक वसाहतीत रेमिंग्टन रँडचा कारखाना होता, तिथे. टूलरूम काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. मायक्रोमीटर, जिग, फिक्श्चर, आणि चूक झाली की फोरमनची बोलणी. तिथे तो कामगार संघटनेचा शॉप स्टुअर्डही, म्हणजे कामगारांचा प्रतिनिधीही झाला. १९६० साली सेंट जॉन्स्टनकडे गेला, तेव्हाही हातातली नोकरी सोडली नाही. दिवसा कारखाना, संध्याकाळी सराव. पूर्णवेळ व्यावसायिक झाला तो १९६४ साली डन्फर्मलिनकडे गेल्यावर, बाविसाव्या वर्षी.

म्हणजे जगातला सगळ्यात यशस्वी समजला जाणारा कोच तरुणपणी आधी आयटीआयच्या पोरासारखा उमेदवारी करत होता. हे वाक्य घरी मोठ्याने वाचा.

खेळाडू म्हणून तो ‘कुठे मोठा’ होता, हे मात्र तपासून पाहू. सेंट जॉन्स्टनला त्याची जागा पक्की नव्हती. इतका वैतागला होता, की कॅनडाला निघून जायचा विचार करत होता. अशात डिसेंबर १९६३ मध्ये ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्स क्लबविरुद्ध, त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर, त्याला संधी मिळाली आणि त्याने तीन गोल केले. आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील तालमीच्या पाठीराख्यांसमोर पाहुण्या संघाच्या बदली खेळाडूने हॅट्ट्रिक करावी, तसलं काहीतरी. पुढे डन्फर्मलिनकडून १९६५-६६च्या हंगामात ५१ सामन्यांत ४५ गोल. १९६७ साली रेंजर्सनी त्याला ६५ हजार पौंडांना घेतलं. दोन स्कॉटिश क्लबांमधल्या व्यवहारात तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. तेव्हा ‘कुठे मोठा’ म्हणणाऱ्या तुमच्या मुलाला सांगा, की बाबा, तो खेळाडू म्हणून साधा नव्हता. स्कॉटलंडच्या पहिल्या फळीतल्या नेमबाजांपैकी होता. महान नव्हता, एवढंच.

मग १९६९. स्कॉटिश कप फायनल, समोर ग्लासगोचाच दुसरा मोठा क्लब सेल्टिक. पहिल्या काही मिनिटांतच कॉर्नरवर सेल्टिकचा कप्तान बिली मॅकनीलने हेडरने गोल केला. त्याच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी फर्ग्युसनची होती. सामना ०-४ असा गेला आणि खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. लहानपणापासून ज्या क्लबच्या मैदानाच्या सावलीत वाढला, त्याच क्लबने त्याला बाजूला टाकलं. पुन्हा रेंजर्सच्या मुख्य संघात तो दिसला नाही. निवड चाचणीतून दोनदा परतलेल्या पोराला हा प्रसंग जरूर सांगा, पण दिलासा म्हणून नाही. त्यानंतर फर्ग्युसनने काय केलं त्यासाठी सांगा.

तो फॉलकर्क या छोट्या क्लबकडे गेला आणि तिथे खेळता खेळता कोच झाला. हे जमलं, कारण कोचिंगचं शिक्षण त्याने आधीच घेऊन ठेवलं होतं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लार्ग्ज नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या क्रीडा केंद्रात स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन प्रशिक्षकांचे वर्ग भरवायची. साठच्या दशकाच्या मध्यावर, गोलमागून गोल मारत असताना, फर्ग्युसन तिथे जाऊन बसत होता. पाय चालत होते तेव्हाच वही उघडली होती. खेळणं संपलं आणि मग ‘आता काय करू’ म्हणून कोच झाला, असं त्याच्या बाबतीत घडलेलंच नाही.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. खेळाडू होणं आणि कोच होणं हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात अपयश आलं म्हणून दुसऱ्यात आपोआप जागा मिळत नाही. सुताराला घर बांधता आलं नाही म्हणून तो वकील होत नाही. तुमचा मुलगा कोचिंगकडे निवड चाचणी हुकली म्हणून आलाय, की सकाळी त्या पोरांबरोबर खरंच रमतो म्हणून? मला त्याच्या बाजूने एक खूण दिसते: फुकट जातो, आणि रोज जातो. दुसरी खूण अजून दिसलेली नाही. त्याने कोचिंगबद्दल काही वाचलंय, लिहिलंय, कुणाला विचारलंय, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. भिंतीवर फोटो लावणं म्हणजे अभ्यास नव्हे.

फर्ग्युसनची पुढची पायरीही ऐकून ठेवा. १९७४ साली खेळ थांबला, वय बत्तीस. ग्लासगोत पब चालवत होता. त्याला पहिली मॅनेजरकी (तिकडे मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात) मिळाली ती ईस्ट स्टर्लिंगशायरची, स्कॉटिश लीगच्या तळाशी रेंगाळणारा क्लब. आठवड्याला ४० पौंड, तेही अर्धवेळ. कामावर रुजू झाला तेव्हा क्लबकडे एकही गोलकीपर नव्हता. खेळाडू कमी म्हणत नाही मी, गोलकीपर नव्हता! तीन-चार महिन्यांत त्याने संघ उभा केला आणि त्याच वर्षी सेंट मिरेनला गेला.

सेंट मिरेन हा पेझली गावचा क्लब. तुमच्या घरी शालीवर, साडीवर कोयरी असेल ना, तिला इंग्रजीत या गावाच्या नावाने ओळखतात. काश्मिरी शालींची नक्कल तिथल्या मागांवर विणली जायची, त्यावरून. तर त्या विणकरांच्या गावात प्रेक्षक मैदानाकडे फिरकत नव्हते. फर्ग्युसन गाडीवर भोंगा लावून गल्लोगल्ली फिरला आणि सामन्याला या म्हणून ओरडला. आपल्याकडे निवडणुकीत रिक्षा फिरते तसा. जेमतेम विशीतल्या पोरांचा संघ घेऊन १९७७ साली त्याने दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद जिंकलं. आणि १९७८ साली त्याच क्लबने त्याला काढून टाकलं. पूर्ण कारकिर्दीत त्याला नारळ देणारा हा एकमेव क्लब. तो कामगार न्यायाधिकरणात गेला आणि तिथेही हरला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. ॲबर्डीनला आठ वर्षं, रेंजर्स आणि सेल्टिक या दोघांची मक्तेदारी मोडून तीन लीग विजेतेपदं, १९८३ साली गोथेनबर्गला रेआल माद्रिदला २-१ने हरवून युरोपियन कप विनर्स कप. नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर. तिथे पहिला चषक मिळायला १९९० उजाडलं. मग २०१३ पर्यंत तेरा लीग विजेतेपदं. तुमच्या मुलाच्या भिंतीवरचा फोटो याच काळातला असणार. मला त्यातलं काहीच त्याच्या उपयोगाचं वाटत नाही. त्याच्या उपयोगाची आहेत ती १९५८ ते १९७८ ही वीस वर्षं, ज्यांचे फोटो फारसे कुणी भिंतीवर लावत नाही.

आता खरं सांगायचं तर तुमच्या मुलासाठी मी फर्ग्युसनपेक्षा दुसऱ्याच एका स्कॉटिश माणसाकडे बोट दाखवीन. फॉलकर्कमध्ये फर्ग्युसनच्या बरोबरीने एक फॉरवर्ड खेळायचा, अँडी रॉक्सबर्ग. क्वीन्स पार्क, ईस्ट स्टर्लिंगशायर, पार्टिक थिसल, फॉलकर्क, क्लाइडबँक अशा क्लबांतून खेळला. कुणी त्याच्यावर ६५ हजार पौंड लावले नाहीत. त्याचा पेशा शिक्षकाचा. प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होता. ‘तो कुठे मोठा खेळाडू होता’ हे वाक्य खरं तर रॉक्सबर्गला शोभतं.

१९७५ साली स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनने त्याला प्रशिक्षण संचालक नेमलं. लार्ग्जचे वर्ग त्याच्या हाताखाली आले आणि त्यांचं नाव इतकं झालं, की पुढे पोर्तुगालहून जोझे मोरिन्यो, नंतर जगप्रसिद्ध कोच झालेला, तिथे शिकायला आला. १९८२ साली स्कॉटलंडच्या मुलांनी युरोपचं अठरा वर्षांखालील विजेतेपद जिंकलं, तेव्हा संघ रॉक्सबर्ग आणि वॉल्टर स्मिथ यांच्या हाती होता. (हा स्मिथ आधी वीज मंडळात उमेदवार इलेक्ट्रिशियन होता. स्कॉटलंडच्या कोचांची यादी काढलीत तर तुम्हाला आपल्या एमआयडीसीची हजेरी वाचल्यासारखं वाटेल. मॅट बझ्बी, बिल शँकली, जॉक स्टीन हे त्यांच्याही आधीचे तिघे तर कोळशाच्या खाणीतून आलेले.) १९८६ साली रॉक्सबर्ग राष्ट्रीय संघाचा मॅनेजर झाला, एकही मोठा क्लब न सांभाळता. लोकांनी नाकं मुरडली. त्याने संघ १९९०च्या विश्वचषकाला नेला. तिथे कोस्टारिकाकडून हार पत्करली, स्वीडनला हरवलं. मग १९९२च्या युरो स्पर्धेलाही नेला. त्याच्यानंतर आला त्याचा सहकारी क्रेग ब्राउन, तोही फॉलकर्ककडून खेळलेला आणि तोही मुख्याध्यापक राहिलेला. एका देशाचा फुटबॉल संघ ओळीने पंधरा वर्षं दोन प्राथमिक शिक्षकांनी चालवला, यावर जरा थांबून विचार करा.

नंतर रॉक्सबर्ग १९९४ ते २०१२ युरोपीय फुटबॉल महासंघाचा तांत्रिक संचालक होता आणि त्यापुढे आशियाई महासंघाचा. आपल्याकडे कोचांना जी लायसन्स मिळतात, त्यावर याच आशियाई महासंघाचा शिक्का असतो. म्हणजे तुमच्या मुलाने उद्या परीक्षा दिली, तर ती ज्या व्यवस्थेतली असेल तिला त्या ग्लासगोच्या मास्तरांचा हात लागलेला आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. होय, रीतसर शिक्षण आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या पायऱ्या आहेत: खाली लहान मुलांसाठीचा प्राथमिक वर्ग, मग डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या संघाचा मुख्य कोच व्हायला प्रो लागतं. एकेक पायरी चढायची तर मधल्या काळात प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, लागोपाठ उड्या मारता येत नाहीत. डीसाठी वयाची अट अठराची आहे, म्हणजे मुलगा पात्र आहे. महाराष्ट्रात हे वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात. तारखा कळायच्या तर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या कार्यालयात जाऊन त्याने स्वतः विचारावं. तुम्ही जाऊ नका. हा मुद्दा बारीक वाटेल, पण अठरा वर्षांच्या मुलाच्या वतीने बाप चौकशी करायला लागला, की ते स्वप्न बापाच्या डोक्यावरचं ओझं होतं.

या लायसन्सच्या जोडीला पदवी हवी. बारावीनंतर शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी असते, किंवा कुठलीही पदवी घेऊन मग दोन वर्षांचं बी.पी.एड. करता येतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या क्षेत्रातलं जुनं, नावाजलेलं घर. पदवीनंतर नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, ज्याला सगळे एनआयएस म्हणतात, तिची पदविका आहे. शाळा, महाविद्यालयं आणि सरकारी नोकरीत ती विचारली जाते. नुसतं लायसन्स क्लबांत चालतं, नुसती पदवी शाळेत चालते. दोन्ही असलेला मुलगा दोन्हीकडे चालतो.

आता पोटाचं. इथे मी गोड बोलणार नाही. खालच्या लायसन्सवर अकादमीत किंवा शाळेत जे काम मिळतं, ते बहुतेक वेळा तासांवर किंवा बॅचवर असतं, आणि त्यावर सुरुवातीची काही वर्षं घर चालत नाही. शाळांत क्रीडाशिक्षकांच्या कायम जागा थोड्या आणि रांग मोठी. वरच्या पायऱ्यांवर पैसा आहे, पण तिथे पोचायला दहा वर्षं धरा. माझ्याकडे येणाऱ्या किती मुलांना हे आधी कुणी सांगितलेलं नसतं! मग ती पंचविशीत येतात, हातात एक प्रमाणपत्र, आणि घरी अबोला.

म्हणून मी त्याला दुसरं कौशल्य घ्यायला सांगेन, आणि इथे तुमचं पॅटर्न शॉप कामाला येतं. आयटीआयला टूल अँड डाय मेकर हा ट्रेड आहे. फर्ग्युसनचा जो धंदा, अगदी तोच. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या पट्ट्यात त्या हाताला काम मिळतं. अडचण वेळेची. पाळीचं काम असेल तर सकाळचं ग्राउंड सुटतं. पदवी घेतली तर ग्राउंड सांभाळता येतं, पण हातात लगेच पैसा येत नाही. माझा कल कुठे, असं विचाराल तर शारीरिक शिक्षणाच्या पदवीकडे, कारण हा मुलगा मला रॉक्सबर्गच्या वळणाचा वाटतो. गल्लीतल्या आठ वर्षांच्या पोरांना रोज सांभाळणं हे मास्तरचं काम आहे. पण घरची ओढाताण असेल, दोन वर्षांत हातभार हवाच असेल, तर आयटीआय करून रविवारी आणि सुट्टीत कोचिंग करण्यात काहीही कमीपणा नाही. पत्रात तुम्ही घरखर्चाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. तो निर्णय त्या आकड्यांवर घ्या, माझ्या कलावर नको.

‘कोल्हापूरच्या पोराला कोण विचारतंय’ असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो आयएसएलमधल्या जमशेदपूर क्लबकडे होता तेव्हा एका हंगामात त्याचा कोच होता ओवेन कॉइल, त्याच कोयरीवाल्या पेझली गावात जन्मलेला. (खेळला मात्र आयर्लंडकडून. कोचिंगची सुरुवात, तुम्ही ओळखलं असेलच, फॉलकर्कला!) इंग्लंडात त्याने बर्नलीला प्रीमियर लीगमध्ये चढवलं. मग आपल्याकडे येऊन २०१९-२०च्या हंगामात आयएसएलच्या तळाला गेलेला चेन्नईयिन क्लब हातात घेतला आणि गोव्यात फातोर्ड्याच्या फायनलपर्यंत नेला. २०२२ साली जमशेदपूरला साखळीत अव्वल ठरण्याची लीग शील्ड मिळवून दिली. आणि परदेशीच लागतो असंही नाही. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेल्या खालिद जमीलने २००९ साली मुंबई एफसीपासून कोचिंग सुरू केलं, २०१७ साली मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ साली भारताच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. मधली सोळा वर्षं मोजा.

शेवटी मुलासाठी एक काम देतो, आणि हे तुम्ही त्याला वाचून दाखवू नका, पत्रच त्याच्या हातात द्या.

बाळा, एक शंभर पानी वही घे. त्या दहा-बारा पोरांपैकी प्रत्येकाला एक पान दे. सरावाला निघण्याआधी आज काय शिकवणार ते लिही: किती मिनिटं, किती चेंडू, कुठल्या पोराला कशासाठी. आल्यावर काय जमलं नाही ते लिही. ‘पोरांनी मजा केली’ असं लिहू नको, ते मला माहीत आहे. डाव्या पायाने पास देता न येणारा पोरगा तीन आठवड्यांनी देऊ लागला का, आणि नसेल तर तू काय बदललंस, ते लिही. निवड चाचणीचं नाव त्या वहीत काढायचं नाही. तुझा स्वतःचा खेळ चालू ठेव, तालीम सोडू नको, पण सामना संपल्यावर समोरच्या संघाच्या कोचने दुसऱ्या हाफमध्ये काय बदललं, तेही एका ओळीत टिपून ठेव. डीचा वर्ग जवळपास लागला की नाव घाल. फीचे पैसे वडिलांकडे मागण्याआधी वही भरलेली असू दे.

हंगाम संपला की ती वही मला पाठव. आणि त्या दहा-बारा जणांत गोलकीपर कोण, ते पहिल्याच पानावर लिही.